अर्लीनबाईंच्या आजीचा गंबो

"भेंडीची टोकं मोडू नयेत," अशी पाटी इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या पापाकुरातल्या भाजीच्या दुकानात भेंडीच्या खोक्यावरच लावलेली आहे. त्या पाटीखाली उभी राहून सत्तरीची एक उंच, कृष्णवर्णीय बाई शांतपणे एकेका भेंडीचं टोक मोडत होती. कट्‌कन मोडलं की भेंडी पिशवीत, वाकलं की परत खोक्यात. माझी आई थबकलीच. "अगं, ही तर आपल्यातलीच दिसते!" म्हणाली आणि शेजारी उभी राहून स्वतःही टोकं मोडू लागली.

बाईंनी वळून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईला कुणीतरी नीट शिकवलंय, हनी."

त्या अर्लीनबाई. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि इथे नर्स असलेल्या मुलीकडे येऊन राहिल्या, आमच्यापासून चार घरं पलीकडे. आई अलिबागची. बाबा गेल्यावर मी तिला सहा महिन्यांसाठी इथे आणलं होतं. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायलाही ती एकटी जात नसे. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, अर्लीनबाईंनी आमचं दार वाजवलं. हातात चवळीचं भांडं. "उघडेपर्यंत वाजवायचं, ही आमच्याकडची रीत," म्हणाल्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी चवळी रात्रभर भिजवावी की नाही यावर दोघींनी खाणाखुणांनी अर्धा तास वाद घातला.

एका शनिवारी मी दोघींना ट्रेनने शहरात नेलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण देणारं एक रेस्टॉरंट तिथे निघालं होतं. मालकीण ट्रेसी, हसतमुख किवी बाई, "किया ओरा" असा इथला नमस्कार करत स्वतः पुढे आली. फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'आमचा खास गंबो'. गंबो म्हणजे कोलंबीचं दाट कालवण, भातावर घालून खायचं. अर्लीनबाईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"भेंडी कुठाय?"

"ती बुळबुळीत लागते. म्हणून आम्ही कॉर्नफ्लोअर घालतो," ट्रेसी म्हणाली.

अर्लीनबाई रागावल्या नाहीत. वर्गात समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "हनी, आफ्रिकेतल्या काही भाषांत भेंडीचंच नाव गंबोसारखं आहे. आमच्या लोकांना गुलाम करून जहाजात कोंबलं, तेव्हा अंगावरचं सगळं काढून घेतलं. हा शब्द तेवढा तोंडात राहिला. तो तरी भेंडीशिवाय वाढू नकोस."

ट्रेसीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता मुकाट्याने निघावं लागणार. पण ती खुर्ची ओढून आमच्याजवळ बसली. "शिकवाल मला?"

"सोमवारी बंद असतं ना? ये माझ्याकडे."

त्या सोमवारी मी घरून काम करणार होते. लॅपटॉप आणि आईला घेऊन अर्लीनबाईंच्याच स्वयंपाकघरात बसले. तेलात मैदा घालून तो चॉकलेटसारखा तपकिरी होईपर्यंत भाजायचा होता. "फोन वाजू दे, पाहुणा येऊ दे, उलथनं थांबता कामा नये!" हा अर्लीनबाईंचा दंडक. दहा मिनिटांत ट्रेसीचा हात भरून आला. आईने तिच्या हातातलं उलथनं घेतलं. "बेसनच भाजायचंय की! त्यात काय एवढं?" बाबा गेल्यापासून तिने लाडू वळले नव्हते. पाऊण तास ती मधून मधून वास घेत भाजत राहिली आणि नेमक्या क्षणी गॅस बंद केला. अर्लीनबाईंनी तिला मिठीच मारली.

जेवणं झाल्यावर ट्रेसीने विचारलं, "मी तुमच्यासाठी काय करू?"

"फळ्यावरचं 'आमचा' पूस," अर्लीनबाई म्हणाल्या. "माझी आजी, हॅटी, एका बड्या घरी स्वयंपाकाला होती. मालकिणीने तिचा गंबो स्वतःच्या नावाने पुस्तकात छापला. आजीला वाचता येत नव्हतं. सात वर्षांची असताना मीच तिला तो वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाली, 'बरं लिहिलंय. मीठ तेवढं चुकलंय.'"

अर्लीनबाई खळखळून हसल्या. आम्हाला मात्र हसायला जरा वेळ लागला.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. फळ्यावर इंग्रजीत 'हॅटीचा गंबो' असं ठळक लिहिलं होतं. अर्लीनबाई दारातच थांबल्या. त्या रडणार असं मला वाटलं, तोच त्यांनी ट्रेसीपुढे हात केला. "खडू दे. हॅटीत दोन टी असतात."

आम्ही नको नको म्हणत असताना त्या खुर्चीवर चढल्या. आईने खुर्ची घट्ट धरली. जेवणारी माणसं माना वळवून बघू लागली. अर्लीनबाईंनी नाव पुसलं आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात पुन्हा लिहिलं. उतरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आता वाढा. भूक लागलीय."

गेल्या हिवाळ्यात बहीण आजारी पडली म्हणून त्या लुइझियानाला परत गेल्या. आई यंदा पुन्हा माझ्याकडे आली आहे. महिन्यातून एकदा ती शहरात जाते, ट्रेनने, एकटी. पहिल्या वेळी माझा जीव टांगणीला लागला होता.

"गंबो खायला एवढ्या लांब?" मी विचारलं.

"खाते की. पण आधी फळा बघते. अर्लीनबाईंना शब्द दिलाय."

"अगं, पण तुला इंग्रजी कुठे वाचता येतं?"

"वाचायचंय कशाला?" आई म्हणाली. "टी मोजायचे. दोन भरले की बसते जेवायला."