इंदुबाईची साक्ष

१९५३ साली जयपूरच्या कोर्टात इंदुबाईनं पोटच्या पोराविरुद्ध साक्ष दिली. तिचा संभाजी फौजेत हवालदार. खातीपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत, भर दुपारी, त्यानं आपल्या बायकोचं, मालनचं, डोकं भिंतीवर आपटून तिचा जीव घेतला होता. संभाजीच्या वकिलानं आधीच सुचवलं होतं, "पाय घसरून पडली म्हणा, माताजी."

इंदुबाई म्हणाली, "पडली न्हाई. त्यानं मारली. मी बघितलं."

संभाजीला जन्मठेप झाली. साताऱ्याकडच्या भावकीनं दार लावून घेतलं. मग चार वर्षांच्या नातीला, सुमनला, घेऊन ती जयपुरातच राहिली आणि रजयांना टाके घालून तिनं पोर वाढवली.

शेजारी कुणी आवाज चढवला की सुमन खाटेखाली जाऊन बसे, दहा वर्षांची झाली तरी. इंदुबाई तिला ओढून काढत नसे. रजई घेऊन तीही खाली फरशीवर बसायची, सगळं निवळेपर्यंत.

अठराव्या वर्षी सुमनचं लग्न झालं. नवरा उमाकांत, जयपूरजवळच्या बस्सी गावात ओव्हरसियर. सहा महिन्यांत ती एक पिशवी घेऊन परतली. दंडावर बोटांचे वळ होते. चार दिवसांनी उमाकांत न्यायला आला, तेव्हा इंदुबाई उंबऱ्यातच बसून राहिली.

"पोरगी येणार न्हाई."

"आजी, नवराबायकोत होतंच थोडंफार."

"माझ्या घरात बी थोडंफारच व्हतं. जावा तुमी."

तो गेला तशी सुमन तिच्या गळ्यात पडली. "तू होतीस म्हणून वाचले, आजी."

ते मात्र इंदुबाईला ऐकवेना. "तुझी आई बी अशीच निघाली व्हती," ती म्हणाली. "तुला कडेवर घेऊन टेशनावर गेली व्हती. मीच तिला माघारी आणलं. म्हणलं, मी सोसलं, तू बी सोस. आठ दिसांत ती गेली."

सुमननं मान वर केली. "मतलब... हे कोर्टात सांगितलंस?"

"कुणी इचारलं न्हाई."

सुमननं तिच्या गळ्यातले हात काढून घेतले.

पुढं तिनं जयपुरातच, सोडाला भागातल्या एका शाळेत शिवण शिकवायची नोकरी धरली, खोलीही तिकडंच घेतली. रविवारी येऊन म्हातारीचं पाणी भरायची, औषध आणून द्यायची. पण त्या घरात घासभर खाल्लं नाही, की पुन्हा आजी म्हणून हाक मारली नाही.

"पुढल्या ऐतवारी येशील?" इंदुबाई विचारायची.

"पता नहीं," चपला घालता घालता सुमन म्हणायची. आणि यायची.