पाण्यावरची नजर

माझ्या ताईने सात वर्षे एक काम केले आणि त्या कामाची नोंद कोणत्याही कागदावर नाही. जलाशयाच्या कार्यालयात मोडक्या खुर्च्यांची नोंद आहे, हरवलेल्या कुलपांचीही आहे. ताईची नाही. म्हणून ही हकिकत मी लिहीत आहे. ती लिहिण्याचा मला अधिकार किती, हे पुढे वाचकांनी ठरवावे.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पूर्वी टीव्ही दुरुस्त करीत. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी टाकून देऊ लागले, तेव्हा दुकानाला कुलूप लागले. वर्षभर घरी बसून दाजी ड्रोन उडवायला शिकले आणि त्यांना जलाशयाचे काम मिळाले. जलपर्णी किती पसरली, काठ कुठे खचला, याची छायाचित्रे दर आठवड्याला वरून काढून द्यायची. दाराला कडी लावल्यावर ती पुन्हा एकदा ओढून पाहणारा हा माणूस; त्याच्या हाती हे काम आले, हा कार्यालयाच्या इतिहासातील बहुधा एकमेव योग्य निर्णय असावा.

दाजींचा पाण्यावर विश्वास नव्हता. "मास्तर," ते मला म्हणत, "जमिनीवर पडलं तर निदान तुकडे मिळतात. पाणी तुमच्या साहेबांसारखं आहे, गिळतं आणि पोचपावतीही देत नाही." मी शाळेत भाषा शिकवतो आणि उरलेल्या वेळात अर्ज करतो, त्यावर हा टोमणा असे. पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या फोमच्या नळ्या कापून त्यांनी ड्रोनच्या पायांना बांधल्या होत्या. बॅटरीचा तिसरा हिस्सा ते परतीसाठी राखून ठेवीत, कारण जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर असतो. ड्रोनच्या पोटाला खालची जमीन ओळखणारे डोळे असतात. चमकत्या, हलत्या पाण्यावर ते फसतात आणि यंत्राला आपण किती उंचावर आहोत हे कळेनासे होते. म्हणून दाजी यंत्राच्या डोळ्यांवर विसंबत नसत. ते ताईच्या डोळ्यांवर विसंबत.

कारण उडवणाऱ्याची नजर पडद्यात अडकते. पडद्यावर खालचे पाणी दिसते. बाजूने येणारी घार दिसत नाही, होडी दिसत नाही. म्हणून ताई पिवळी टोपी घालून काठावर त्यांच्या शेजारी उभी राही आणि आकाश व पाणी दोन्ही राखी. यंत्र खाली आणण्यापूर्वी दाजी विचारीत, "मोकळं?" ताई चौफेर पाहून म्हणे, "मोकळं." तिने तो शब्द उच्चारल्याशिवाय त्यांचा अंगठा हलत नसे.

ही सवय घरातही आली होती. दोन खोल्यांचे घर, स्वयंपाकघराचे दार अरुंद. चहाचे उकळते पातेले घेऊन दाजी दारात थांबत आणि ओरडत, "मोकळं?" ताई ओट्यापाशी उभी असली तरी गंभीर चेहऱ्याने डावीउजवीकडे पाहून म्हणे, "एक मास्तर आडवा येतोय, थांबा." मग आम्ही तिघेही हसत असू.

कंत्राटाचा अर्ज मी भरला होता. माझे अक्षर चांगले आहे, असे सर्व म्हणतात. त्यात 'सहायकाचे नाव' असा एक रकाना होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते की सहायकाकडे प्रमाणपत्र असावे. ताईकडे ते नव्हते. "निरंक लिहा हो," दाजी म्हणाले, "आपलीच बाई, तिला कशाला कागदात घालायची!" मी वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिले. कार्यालयातील साहेब ताईला सात वर्षे दर आठवड्याला काठावर पाहत होते, नमस्कार करीत होते; कुणालाही त्या रकान्याची आठवण झाली नाही.

सहाव्या वर्षाच्या अखेरीस ताईला दाराच्या चौकटी लागू लागल्या. कोपराला, खांद्याला. दाजी छायाचित्रे द्यायला कार्यालयात गेले असताना मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू. समोरचे दिसत होते, पण कडांकडून नजर मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "गेली ती परत येणार नाही. उरली ती सांभाळू." त्यांनी थेंब लिहून दिले.

बाहेर बाकावर ताई बराच वेळ चिठ्ठीची घडी घालीत बसली. मग म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस."

"अगं, पण काठावर..."

"मान वळवून बघेन. दोन्हीकडे, पूर्ण. लोक डोळ्यांत तेल घालून राखण करतात, मी औषध घालून करेन." ती हसली, मी हसलो नाही. "हे वर्ष होऊ दे रे. घरात मी दिवसभर बोलते, भिंती ऐकतात. तिथे मला कुणीतरी विचारतं, आणि मी काय सांगते त्यावर काहीतरी खाली उतरतं."

नळाला पाणी उशिरा आले म्हणून तीन प्रतींत अर्ज करणारा मी. त्या दिवशी गप्प बसलो, आणि पुढे आठ महिने गप्प राहिलो.

अपघात सकाळी नऊच्या सुमारास झाला. वेताच्या बेटाजवळ जलपर्णीची मुळे टिपण्यासाठी ड्रोन अगदी खाली आणायचा होता. दाजींनी विचारले, ताईने मान पूर्ण वळवून पाहिले आणि म्हणाली, "मोकळं." तेवढ्यात वाऱ्याने यंत्र हलले. दाजींनी ते सावरले आणि खाली आणण्याआधी पुन्हा विचारले, "मोकळं?" ताईचे डोळे तोवर यंत्रावर खिळले होते. या वेळी तिने मान वळवली नाही. एकदा पाहिलेले तिने दुसऱ्यांदा सांगितले.

जलपर्णी काढणारा एकजण वेताआडून होडी घेऊन बाहेर आला होता. हातात बांबू, उभा. ड्रोनची फिरती पाती त्याच्या उजव्या हातावर बसली. जीव वाचला, पण दोन बोटे आता मिटत नाहीत, आणि बांबूची पकड त्याच दोन बोटांत असते.

त्या संध्याकाळी ताईने दाजींना सर्व सांगितले. फोमच्या नळ्या सोडून त्यांनी बादलीत धुतल्या आणि वाळत घातल्या.

चौकशीच्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. ताई बोलावण्याची वाट न पाहता उभी राहिली. "साहेब, मोकळं आहे असं मी म्हणाले. ह्यांनी माझ्या शब्दावर खाली आणलं."

चौकशी अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिले. "आपण कोण?"

"मी बघणारी."

त्यांनी कागद उलटला. "सहायक निरंक आहे." मग दाजींकडे वळून विचारले, "या तिथे होत्या?"

दाजींनी ताईकडे पाहिले नाही. "नाही साहेब," ते म्हणाले, "काठावर मी एकटाच होतो."

त्यांनी तिला वाचवले, हे मला तिथेच कळले. ताईलाही कळले असणार. पण तिच्या चेहऱ्यावर जे उतरले ते वाचलेल्या माणसाचे नव्हते. दाजींचा परवाना रद्द झाला. अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' असे शब्द आले. कडी दोनदा ओढून पाहणाऱ्या माणसाबद्दल.

आठवड्याने ताई माझ्याकडे आली. "एक अर्ज लिहून दे. माझ्याविरुद्ध."

"वेडी आहेस का तू?"

"बसवाल्याविरुद्ध लिहितोस, नळवाल्याविरुद्ध लिहितोस, शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्धसुद्धा लिहिलं होतंस. सख्ख्या बहिणीविरुद्ध लिहायला तुझी शाई संपली का?"

मी लिहिला. जन्मात केलेल्या अर्जांपैकी हा एकच खरा. शेवटी एक वाक्य माझ्या पदरचे घातले: तिच्या डोळ्यांची अवस्था मला ठाऊक होती, आणि 'निरंक' हा शब्द माझ्या हातचा आहे. सहीची जागा दाखवण्यासाठी मला तिचे बोट धरून कागदावर ठेवावे लागले.

दोन महिन्यांनी उत्तर आले. मी ते तिला वाचून दाखवले: "सदर महिला कामावर असल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. तसेच घटनास्थळी अन्य कोणीही उपस्थित नसल्याचे चालकाने जबाबात नमूद केले आहे. सबब, अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

ताई म्हणाली, "सात वर्षं मी होते ना रे तिथे?"

तिच्या हट्टाखातर मी तिला त्या जखमी माणसाकडे नेले. तो अंगणात डाव्या हाताने जाळ्याची गाठ घालीत बसला होता. ताईने क्षमा मागितली. त्याने गाठ सोडून तिच्याकडे पाहिले.

"पिवळी टोपी," तो म्हणाला. "तुम्हाला बघूनच तर मी होडी बाहेर काढली, बाई. म्हटलं, बाई काठावर आहेत, म्हणजे वरचं ते सांभाळून येईल."

ती तिथे होती, याचा एवढाच पुरावा. ताईने तो मान खाली घालून घेतला. परतताना रस्ता ओलांडायला तिने माझा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मी अजून रविवारी त्यांच्याकडे जातो. चहा दाजीच करतात. उकळते पातेले घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि थांबतात. विचारीत नाहीत. ताई वाटेत उभी असली तर ती बाजूला होईपर्यंत तसेच उभे राहतात, फडक्यातून हात भाजत असले तरी. परवा वाफ गालाला लागली, तेव्हा तिला ते आल्याचे कळले. ती भिंतीला टेकून सरकली आणि हळूच म्हणाली, "मोकळं."

दाजी हलले नाहीत. त्यांनी आधी मान वळवून दोन्हीकडे पाहिले, आणि मगच पाऊल टाकले.