सतरा नंबरची जागा

व्हर्लिन हॉगनला कधीही विचारा, "कसं काय?" तो म्हणणार, "वाईट नाही." लग्न ठरलं तेव्हा वाईट नाही, वादळात गोठ्याचं छप्पर उडालं तेव्हाही वाईट नाही. तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण हॉर्न कुणावर वाजवला असेल तर शपथ. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या गावात अशा माणसांची वानवा नाही. इथल्या वाचनालयात मी चोवीस वर्षं काम करते, मला सगळी तोंडपाठ आहेत. त्यांतही व्हर्लिन म्हणजे अर्क.

इथली रीत अशी की कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. चर्चमधल्या केकचा शेवटचा तुकडा आधी अर्धा होतो, मग पाव, आणि तो पावही संध्याकाळपर्यंत ताटलीत तसाच असतो. मी नवीन असताना एकदा पहिलं "नको" ऐकून ताटं उचलली होती. बिचारे पाहुणे उपाशी घरी गेले, आणि वर जाताना म्हणाले की छान झालं सगळं.

तर हा व्हर्लिन दर जुलैत बायकोला, म्हणजे आर्डिसला घेऊन तळ्याकाठी आठ दिवस तंबूत राहतो. तयारी जानेवारीपासून. बाहेर उणे पंचवीस, आणि याचा तंबू बैठकीच्या खोलीत उभा, कुठली काठी वाकलीय ते बघायला. आर्डिसला टीव्ही बघायचा तर तंबूच्या दारातून. रोजच्या जेवणाची यादी वेगळी, पाऊस आला तर त्या दिवसाची वेगळी. मासा गळाला लागला तर काय खायचं आणि नाही लागला तर काय, तेही लिहिलेलं. नाही लागला तर काय याच्या पाककृती जास्त होत्या.

या वर्षी मात्र गंमत नव्हती. आर्डिसचा गुडघा पावसाळी हवेत दुखायचा तो बदलून घेतला, त्यात पू झाला, पुन्हा कापावा लागला. हिवाळाभर बाई घरात. जुलैपर्यंत एका दमात शंभर पावलं चालाल, त्यापुढे नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. आणि अडतीस वर्षांच्या संसारात जिनं एक खुर्चीसुद्धा मागितली नव्हती, ती आर्डिस व्हर्लिनला म्हणाली की भिंती बघून माझा जीव विटलाय, मला यंदा पाणी बघायचंय.

व्हर्लिन तसाच उठला, तळ्याकाठच्या तंबूंच्या रिकाम्या तळावर गेला आणि गुडघाभर बर्फातून पावलं मोजत हिंडला. सतरा नंबरची जागा सपाट, पुढे पाणी, आणि संडास चौसष्ट पावलांवर. बाकी सगळ्या जागा चढावर, दोनशेच्या वर. म्हणजे सतरा मिळाली तर आर्डिस जाणार, नाहीतर घरीच.

जागा मुक्कामाच्या बरोबर एकशेवीस दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला कॉम्प्युटरवर खुल्या होतात आणि दोन मिनिटांत संपतात. हॉगनांच्या घरचं इंटरनेट वारा सुटला की झोपतं. म्हणून मार्चमधल्या त्या सकाळी आठाला दहा कमी असताना व्हर्लिन माझ्या दारात हजर. आमच्याकडे कॉम्प्युटर दोन, त्यातला एक आदल्या दिवशी वारलेला. आणि उरलेल्या एकापाशी त्याच क्षणी दुसऱ्या दारानं आला ड्वेन लिंडाल, दूध डेअरीतला निवृत्त माणूस. दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

ड्वेन म्हणाला तू बस. व्हर्लिन म्हणाला छे, तू बस, मी आपला सहज आलोय. ड्वेन म्हणाला मीही सहजच. मग थंडीवर बोलणं झालं, ड्वेनच्या ट्रकच्या बॅटरीवर झालं, आर्डिसच्या गुडघ्यावर झालं. गुडघा कसा आहे? वाईट नाही. मला तिथेच ओरडायचं होतं, अरे मेल्यांनो, कुणीतरी बसा! पण चोवीस वर्षांत मलाही ती लागण झालेली. मी काय केलं, तर दोघांना कॉफी विचारली. दोघंही नको म्हणाले. मी पुन्हा विचारली. तिसऱ्यांदा विचारली तेव्हा हो म्हणाले, आणि मी कॉफी घेऊन आले तर घड्याळात आठ वाजून सहा मिनिटं. तळाचा नकाशा लालेलाल झालेला, सतरा नंबर शहरातल्या कुणीतरी उचललेला.

"मला सतराच हवी होती," ड्वेन म्हणाला.

"मलाही," व्हर्लिन म्हणाला. आणि दोघांनी, असो, चालायचंच, म्हणत कॉफी संपवली.

व्हर्लिननं घरी जाऊन सांगितलं तेव्हा आर्डिस म्हणाली, हरकत नाही. मी चौकशीला फोन केला तर मलाही तेच "हरकत नाही" म्हणाली, आणि मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. व्हर्लिननं तंबू गुंडाळून तळघरात ठेवला आणि बैठकीची खोली एकदम मोठी दिसायला लागली, असं त्यानंच मला सांगितलं.

त्या दिवसापासून मी रोज कामावर आल्याबरोबर तो नकाशा उघडायची. पापाला प्रायश्चित्त नको? मे महिन्यात एका गुरुवारी बघते तो सतरा नंबर हिरवा! कुणीतरी बेत रद्द केला होता. हॉगनांकडे फोन लावला, आर्डिसनं उचलला. मी एवढंच म्हटलं की सतरा सुटलीय, आणि तिनं फोन आपटला. आर्डिसनं फोन आपटला, लक्षात घ्या!

मी वळते तर ड्वेन खुर्चीत. वर्तमानपत्र वाचायला आला होता, पडद्यावर नजर गेली आणि बसला. आता त्याला ऊठ म्हणायची माझी काय टाप? पंधरा मिनिटं तो नकाशाकडे नुसता बघत बसला. एकदा बटणाकडे हात नेला, मागे घेतला. कुणाला तरी विचारल्याशिवाय त्याच्याच्यानं होईना.

इतक्यात दार उघडलं. पुढे आर्डिस, चालायच्या चौकटीवर टेकत, मागे व्हर्लिन. ड्वेन तटकन उठला. म्हणाला, तू बस. व्हर्लिन म्हणाला, छे छे, तू आधी आलास. ड्वेन म्हणाला, अरे, मला काय, कुठलीही चालते. व्हर्लिन म्हणाला, नको रे, तूच—

आर्डिस त्या दोघांच्या मधून गेली आणि खुर्चीत बसली. व्हर्लिनच्या याद्यांच्या वहीतले तारखांचे आणि कार्डाचे आकडे एकेका बोटानं मारले, बटण दाबलं. सतरा नंबर, आठ दिवस, हॉगन. मग चौकटीच्या दांड्यावर कपाळ टेकून रडायला लागली. इथे चारचौघांत कुणी रडत नाही, मयतीतसुद्धा नाही. ड्वेननं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, आणि माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळेना.

"मला ती जागा तुझ्यासाठीच हवी होती, आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. "सगळ्या हिवाळ्यात दुसरं काही मनात नव्हतं माझ्या."

आर्डिसनं डोळे पुसले. "मग त्या दिवशी बसायचं होतंस," ती म्हणाली.

ड्वेननं कोपऱ्यातली खुर्ची ओढून आर्डिसच्या शेजारी लावली आणि म्हणाला, बस. व्हर्लिन लगेच बसला.