गोदूबाईचा अंगठा

आमच्या सासूबाई, गोदूबाई, कधी खोटं बोलत नाहीत. पोलीस दारात आला तरच बोलतात. "त्यो मुंबयला गेलाय. कुठं, ते ठावूक नाय." खारजमिनीच्या मोर्च्यानंतर धरमतरच्या खाडीकाठी आमच्या गावातून पोलीस माणसं उचलून नेत होते, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. सासरे मिठाच्या गोणींमागे लपलेले, आणि या उंबऱ्यात उभ्या राहून हेच बोलल्या. तेव्हापासून गावातल्या झाडून सगळ्या बायांचं पोलिसाला हे एकच उत्तर.

आता माझ्या नवऱ्याचं ऐका. सहा वर्षांमागे जितेशला रोह्याच्या नाक्यावर पकडलं. ट्रिपल सीट, लायसन घरी. पोलिसानं पावती फाडून कोर्टाची तारीख दिली. पठ्ठ्यानं पावती खिशात घातली आणि पँट धुवायला टाकली! वर मलाच म्हणे, "अगो अनिता, ट्रिपल सीटला कोण फाशी देतंय?"

यंदा कुठे डोलवीच्या कंपनीत कायम व्हायची पाळी आली. आठ वर्षं ठेकेदाराकडे घासली होती त्यानं. सोमवारपर्यंत पोलिसांचा दाखला द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. दाखल्याला गेला तर हवालदार म्हणाला, "तुझ्यावर रोह्याच्या कोर्टाचं वॉरंट हाय. तू फरार हायस." फरार! रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मांदेली साफ करणारा माणूस फरार!

गुरुवारी आमच्या निकेश वकिलांनी कोर्टात फाईल बघितली. तीन समन्स परत गेलेली. तिन्हींच्या पाठीवर लिहिलेलं, मुलगा घर सोडून गेला, ठावठिकाणा माहीत नाही, असे आई सांगते. खाली सासूबाईंचा अंगठा.

घरी येऊन मी त्यांना नाही नाही ते बोलले. "निदान आम्हाला तरी सांगायचं! पोराच्या पोटावर पाय दिलात तुम्ही!" त्या एवढंच म्हणाल्या, "पोराला घाबरवायचं कशाला, म्हून नाय सांगितलं." जितेशनं मलाच गप्प केलं. "कोर्टात आयेचं नाव काढायचं नाय. मी मुंबयला होतो म्हणून सांगतो." निकेश वकिलांनी कपाळाला हात लावला. "मुद्दाम टाळलंस असं धरतील. उद्याच आत गेलास तर सोमवार कसला नि नोकरी कसली?" पण ऐकेल तर तो जितेश कसला!

शुक्रवारी रोह्याला कोर्टात सासूबाई हट्टानं आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. जितेशचं नाव पुकारलं.

"तीन समन्स परत आली. कुठे होतात?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी मुंबयला..."

"घरात व्हता!" सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "तिन्ही टायमाला घरात व्हता. शिफ्ट करून आत झोपला व्हता. मी खोटं बोलले. अंगठा माझा हाय."

शिपाई धावला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. "का बोललात खोटं?"

"पोलिसाला खरं सांगितला का माणूस जातो, साहेब."

साहेब फाईल वाचत राहिले. एकेक पान उलटत होते आणि मी मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलत होते. मग म्हणाले, "वॉरंट रद्द. दंड आजच भरा." आणि सासूबाईंकडे बघून, "आजी, पुन्हा समन्स आलं तर हातात घ्यायचं."

जितेश दंड भरायला पळाला. मी सासूबाईंकडे गेले तर त्या बाकावरून उठेचनात.

"आता मला कवा न्येतील गो?"

"कुठं?"

त्यांनी मांडीवरची पिशवी माझ्यापुढे उघडली. आत दोन लुगडी, तंबाखूची चंची आणि महिनाभर पुरतील एवढ्या बीपीच्या गोळ्या होत्या.