चाकांवरचं चॅपल

माझ्या बायकोच्या मामेभावाइतका निष्ठावंत भक्त जगातल्या कुठल्याही प्रार्थनाघराला लाभला नसेल, आणि हा गृहस्थ देवच मानत नव्हता. मूळचा नागपूरचा, डॉटकॉमचा फुगा फुटूनही न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेतली नोकरी टिकवून असलेला. पण जीव गुंतलेला गावाबाहेरच्या एका जुन्या लाकडी चॅपलमध्ये. कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी तिला प्रदक्षिणा घालायची आणि भिंतींवर टकटक करायची, ही त्याची खोड. आमच्या अपार्टमेंटला त्याने "पुठ्ठा आहे, भाऊजी," असा निकाल दिला होता. चॅपलवर टकटक केली आणि तो कामातून गेला.

इंग्लंडच्या राजाचं चर्च नाकारणाऱ्यांच्या वंशजांनी ते बांधलेलं. म्हणून आत मूर्ती नाही, रंगीत काच नाही, मेणबत्ती नाही, साधा क्रूसदेखील नाही. पांढऱ्या भिंती, मोठाल्या खिडक्या, लांब भिंतीच्या मधोमध उपदेशकाचा उंच ओटा, आणि थंडीत पाय गारठू नयेत म्हणून बाकांना चक्क दारं. हे सगळं तो आल्यागेल्याला दाखवी. माझ्या आईला न्यूयॉर्क दाखवतो म्हणून गाडीत बसवलं आणि इथे आणून उतरवलं. तिने चहूकडे पाहून विचारलं, "अरे, पण देव कुठाय?"

"नाहीच ना, काकू! तेच तर बघायचंय!"

आईने बिचारीने एका खिडकीला नमस्कार केला.

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि चॅपल नेमकं आड आलं. तिथे येणारे मूठभर म्हातारे उरले होते, पण जिद्दीचे. पाडू देण्याऐवजी अख्खं चॅपल जॅकवर उचलून, चाकांवर घालून, पलीकडच्या मोकळ्या जागेवर न्यायचं त्यांनी ठरवलं. आमच्या मेहुण्याला जेवणच जाईना. "वळणावर एक तुळई सरकली ना भाऊजी, की सगळं खतम." बायको म्हणाली, "तुझं काय जातंय पण?" तेव्हा तो रडायचाच बाकी राहिला.

त्या सकाळी चॅपल चाकांवर चढलेलं आणि हा नास्तिक वाकून चाकांपुढे लिंबं ठेवतोय! मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. चॅपलचा कारभार बघणारी आजीबाई काठी टेकत आली आणि हे काय म्हणून विचारू लागली. बाकांच्या दारांवर तासभर बोलणारा माणूस कसाबसा म्हणाला, "प्रवास सुखाचा व्हावा म्हणून." म्हातारीने वाकून लिंबं पाहिली. "आमच्या पूर्वजांना हे मुळीच चाललं नसतं," ती म्हणाली, आणि काठीने खाली दाखवलं, "ते एक बाजूला घरंगळलंय, नीट ठेव."

लिंबं फुटली. चॅपल निघालं. वळणावर असं काही करकरलं की त्याने माझं मनगट आवळलं. छप्पर कललं, थबकलं आणि सरळ झालं. दुपारी ते नव्या पायावर बसलं तेव्हा गिलाव्याला एक बारीकशी चीर, बाकी धक्का नाही. तो गवतावर आडवा पडून वेड्यासारखा हसत सुटला. खरं सांगतो, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

पुढच्याच वर्षी नोकरीपायी तो पार पश्चिम किनाऱ्यावर, सनीव्हेलला गेला. रविवारी फोन येतो. "भाऊजी, छप्पर?" मी म्हणतो, ठीक आहे. "हं," म्हणून तो सुस्कारा सोडतो आणि फोन ठेवतो. आमची विचारपूस करत नाही. छप्पर ठीक असलं म्हणजे आजूबाजूची आपली माणसंही ठीक असणार, असं तो धरून चालत असावा.