चंद्र मी डोळ्यांनी पाहिलाय!

बायांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

सकाळी माझ्या गंगूची पत्रिका घेऊन कल्याणला जोशीबुवांकडे गेलेले. गंगूला सांगून आलेल्या मुलाचा मामाही होता. सोयरीक ठरल्यातच जमा होती.

बुवांनी नवं पंचांग उघडलं. "रास मिथुन. जुळत नाही."

मी म्हटलं, "अहो, रोहिणी नक्षत्र, वृषभ रास! गंगूच्या वेळी दिवेलागणीला मिठागराच्या बांधावर मला कळा आल्या, तेव्हा चंद्र रोहिणीच्या तांबड्या ताऱ्याला टेकलेला. मी पाहिलाय!"

"बाई, हे सायन पंचांग, ही रास ऋतूंच्या गणिताची. आभाळातल्या ताऱ्यांशी तिचा संबंध नाही."

"मग माझ्या पोरीशी कसला?"

बुवा पुन्हा पंचांग चाळू लागले. मामा मात्र पत्रिका ठेवून निघून गेला.

आता गंगू विचारतेय, "आये, माझं काय चुकलं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?