बिचारा कॉम्प्युटर

रविवारी सकाळी नवऱ्याने कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण उघडलं. ब्रशने आतली धूळ हलकेच झाडली, प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्यावर लावलेली, आता वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. "किती तापत होता बिचारा!" म्हणाला.

मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. गॅस विझतो म्हणून तिथे पंखा कधी लागलाच नाही. या माणसाच्या हातांत इतकी माया आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. यंत्राचा कसला मत्सर करायचा? पण वाटला खरा. तापलं की ते निदान घरघरतं तरी. मी मात्र पदराने घाम पुसते आणि पुढची भाकरी थापायला घेते.

चहा नेऊन कॉम्प्युटरशेजारी ठेवला, तर तो घाईने म्हणाला, "अगं, तिथे नको, वाफ लागेल त्याला!"